दोन सूत माया

माझ्या आईनं मला शिवण शिकवलं ते 'माया' या शब्दापासून. कापड कापताना टिपेच्या बाहेर जी जास्तीची जागा सोडायची, ती माया. कापड कमी पडलं तर बाही आखूड कर, पण मायेत हात आखडू नको, हे तिचं सांगणं. बाई अंगानं भरते, बाळंतपणं होतात, ब्लाउज सैल करायची वेळ येते. आत माया असली तर दोन टिपा उसवल्या की काम भागतं, नसली तर नवं कापड आणावं लागतं. मीही दोन्ही कुशींना इंच-इंच माया ठेवून सत्तावीस वर्षं ब्लाउज, परकर आणि मुलींचे फ्रॉक शिवले. सगळं घरच्यापुरतं, शाळेतून आल्यावर. मी जामनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शिवण हा माझा धंदा नाही, पण दिवसातला माझा हक्काचा वेळ तोच.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पाचोरा-जामनेर ही आमची छोटी गाडी, जिला सगळे 'पीजे' म्हणतात, तीही त्याच वर्षी थांबली आणि पुन्हा त्या अरुंद रुळांवर धावली नाही. गाव इतकं गप्प झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसांत धाकट्या मुलीनं मोबाइलवर पुण्याच्या एका बाईंचा क्विल्टिंगचा वर्ग लावून दिला. आठ शनिवार, दुपारी तीन ते पाच. क्विल्ट म्हणजे परदेशातली रजई, एवढंच मला माहीत होतं. पहिल्याच तासाला बाई म्हणाल्या, "शिलाईला माया पाव इंच. कमी नाही, जास्त नाही." मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पाव इंच मायेवर कापड टिकेल कसं? दोन धुण्यांत सुटून येईल.

मी तसं विचारलं. बाईंनी जे समजावलं ते आजही वहीत लिहिलेलं आहे. क्विल्टला तीन थर असतात: वरचा तुकड्यांच्या जोडकामाचा, मधला भरणीचा, खालचा अस्तराचा. तुकडे पाव इंचावर जोडले तरी त्यांना धरून ठेवायचं काम त्या एका टिपेवर सोडलेलं नसतं. पुढे तिन्ही थरांतून आरपार टीप फिरते आणि ती सगळं बांधून टाकते. क्विल्ट कुणाच्या अंगाला घट्ट होत नाही, म्हणून ती सैल करायला उसवावी लागत नाही. आणि माया जास्त सोडली तर चार तुकडे जिथे भेटतात तिथे कापडाचा ढीग होतो, सुई अडते, कधी मोडते. हे ऐकलं आणि पटलं. पण डोक्याला पटलेलं हाताला पटायला दोन महिने गेले.

शिकवलेलं पहिलं काम नऊ चौकोनांचं होतं. अडीच इंचांचे नऊ तुकडे, तीन-तीनच्या तीन ओळी. पाव इंच मायेनं जोडले की साडेसहा इंचांचा चौकोन तयार व्हायला हवा. माझा झाला सव्वासहा. दुसरा सव्वासहा, तिसरा सव्वासहाहून किंचित कमी. इस्त्री करून पाहिली, कापड ओढून पाहिलं. शेवटी गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या टेलरकाकांकडे ते तुकडे घेऊन गेले. दुकान अर्धं शटर ओढून चालू होतं. त्यांनी टेप लावला, उलटं करून टीप पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, पाव इंच म्हणजे दोन सूत. तुमची टीप अडीच सुतांवर चाललीय." इंचाचे आठ सूत. सुतार, गवंडी आणि जुने टेलर अजून याच मापात बोलतात. अर्धा सूत म्हणजे नखाच्या कडेएवढा फरक. पण एका जोडात तो दोन्ही तुकड्यांकडून खाल्ला जातो, म्हणजे एक सूत गेला. ओळीत दोन जोड, म्हणजे दोन सूत गेले. असे आठ चौकोन शेजारी ठेवले की दोन इंच कापड कुठे गेलं ते कळतच नाही. ब्लाउजमध्ये अर्धा सूत मी आयुष्यात मोजला नव्हता.

काकांनीच उपाय सांगितला. सुईपासून बरोबर दोन सुतांवर मशीनच्या पत्र्यावर पुठ्ठ्याची जाड पट्टी चिकटवायची आणि कापडाची कड तिला घासत न्यायची. त्या दिवसापासून माझे चौकोन साडेसहाचे होऊ लागले. शाळा पुन्हा भरल्यावर मी हेच तुकडे पाचवीच्या वर्गात नेले. अपूर्णांक शिकवताना फळ्यावरचा एक छेद आठ मुलांना कधी दिसत नसे, तो त्यांनी टेप धरून कापडावर मोजला. शिक्षिका म्हणून मला क्विल्टिंगच्या वर्गाचा झालेला हा पहिला फायदा.

साधनांचं फार सांगत नाही. गोल पात्याचं कटर आणि त्याखाली अंथरायची रेघांची चटई जळगावात मिळाली नाही, पुण्याहून मागवली. तिन्ही थर एका चालीनं पुढे सरकवणारा मशीनचा खास पाय माझ्या पायमशीनला बसेना. त्याऐवजी मी काटेपिना लावून, वर कच्चा टाका घालून थर टाचून घेते. वेळ लागतो, पण सुरकुती येत नाही. भरणीला इकडे पांढरी पॉलिस्टरची गादी मिळते, ती मला आवडत नाही. आमच्या उन्हाळ्यात ती अंगाला चिकटते. सुटा कापूस पिंजून भरावा तर टाके जवळजवळ घालावे लागतात, नाही तर तो धुण्यात एका कोपऱ्यात गोळा होतो. पिंजारी रजईवर इतके आडवे-उभे टाके का घालतो, ते मला तेव्हा कळलं. ज्या तालुक्यात सरकीचे ढीग लागतात आणि जिनिंगचा कापूस वाऱ्यावर उडून बाभळीला अडकतो, तिथे क्विल्टमध्ये घालायला सुती भरण मिळू नये, याचं वाईट वाटतं.

माझी पहिली पुरी क्विल्ट २०२१ मध्ये झाली, मोठ्या मुलीच्या बाळासाठी. पांढरा आणि लाल. लाल कापड मी मुद्दाम नवंकोरं आणलं. दुकानदारानं रंग पक्का असल्याचं सांगितलं होतं आणि मी त्यावर विसंबले. वर्गात बाईंनी बजावलं होतं की नवं सुती कापड आधी धुऊन, वाळवून, मगच कापायचं, कारण ते आटतं आणि रंगही सोडतं. मला बाळंतपणाच्या तारखेची घाई होती. पहिल्याच धुण्यात पांढऱ्या चौकोनांवर गुलाबी ओघळ उतरले. चार दिवस मी ते थंड पाण्यात बुडवून ठेवलं, पाणी बदलत राहिले. ओघळ फिके झाले, गेले नाहीत. मुलगी म्हणाली, "आई, राहू दे, छान दिसतंय." मला ते छान दिसलं नाही. त्या क्विल्टवर माझे ऐंशी-नव्वद तास गेले होते आणि एका दिवसाचं धुणं मी वाचवलं होतं.

त्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "मोठ्या मायनं कधी नवं कापड घेतलंच नही गोधडीले. नवं कापड गोधडीले लागतच नही." मोठी माय म्हणजे माझी आजेसासू. मला तेव्हा ते बोलणं गरिबीचं वाटलं. पण विचार करत गेले तसं त्यातलं शहाणपण उलगडत गेलं. दहा-बारा वर्षं नेसलेलं सुती लुगडं आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंग सोडायचा तेवढा सोडून बसलेलं असतं, त्यातली खळ निघून गेलेली असते. सुई त्यात अडखळत नाही. पुण्याच्या बाई कापड धुऊन घ्यायला सांगत होत्या, मोठी माय शेकडो वेळा धुतलेलंच कापड घेत होती. नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या आल्या तेव्हा तिनं गोधड्या शिवणं कमी केलं, हेही सासूबाईंनी तेव्हा सांगितलं. ते कापड थरातून सरकतं, घाम पीत नाही आणि त्यात टाका बसत नाही. तिला ते शिकवायला कुणी वर्ग भरवला नव्हता.

वर्गाच्या सातव्या शनिवारी बाईंनी 'कवंदी' दाखवली. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हळियाळच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणल्या गेलेल्या माणसांचे ते वंशज. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात ती कवंदी. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, कडेकडेनं तुकडे लावत, तुकड्याची कड आत दुमडत आणि त्याच वेळी सगळ्या थरांतून धावदोरा घालत पुढे जायचं. फेऱ्यामागून फेरा घेत मध्यावर पोचलं की गोधडी पुरी. जोडकाम वेगळं आणि शिलाई वेगळी, असे दोन टप्पे त्यात नाहीत. कोपऱ्यांवर घडी घातलेली त्रिकोणी 'फुलं' लावतात. अमेरिकेतल्या बायका आता ही पद्धत वर्ग लावून शिकतात, असं बाई म्हणाल्या. मोबाइलच्या पडद्यावरच्या चौकटींतून सगळ्या जणी वाहवा करत होत्या.

सासूबाई माझ्या शेजारी पलंगावर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. "याच्यात शिकाचं काय हाये? मोठी माय अशीच तं शिवे. कडीनं सुरू करे, अन् मधी येऊन उठे."

मी उठून पेटीतली गोधडी काढली. २००१ मध्ये मोठी माय गेली, त्याआधीच्या दोन-तीन वर्षांतली ती शेवटची. बावीस वर्षांची सून असताना मी तिला ती शिवताना पाहिलं होतं आणि काहीच पाहिलं नव्हतं. आता टेप घेऊन बसले. धावदोरा कडेनं सुरू झालेला, चारी बाजूंनी आत आत आलेला, मध्ये ताटाएवढ्या आयतात संपलेला. दोन ओळींतलं अंतर मी चाळीस ठिकाणी मोजलं. तीन सूत, कुठे साडेतीन. खडूची रेघ नाही, पट्टी नाही. बोटाच्या पेरानं ती अंतर धरत असे, एवढं मला आठवत होतं. इंचात चार टाके, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अर्ध्या सुताच्या चुकीपायी मी दोन महिने घालवले होते आणि ही बाई सत्तरीत, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, ओट्यावर बसून हे माप सहा फूट बाय साडेचार फुटांवर सांभाळत होती. तिच्या भाषेत चार हात बाय तीन हात.

गोधडीबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं त्यात ऊब असते, आजीच्या लुगड्याचा वास असतो. तो वास मीही घेतलेला आहे. पण हे माप कुणी सांगत नाही. ऊब तर दुकानातल्या ब्लँकेटलाही असते. गोधडी हे मोजून, विचार करून केलेलं काम आहे आणि ते करणारी बाई कारागीर आहे, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं. तिच्या हयातीत मी तिला एकदाही विचारलं नाही की तुम्ही अंतर कसं धरता.

मग मी एक प्रयोग केला. मोठ्या मायच्या रीतीनं, पण मशीनवर. चार जुन्या सुती साड्यांचे थर, कडेपासून सुरुवात, चारी बाजूंनी आत. सहाव्या फेऱ्यापर्यंत सगळं सपाट. दहाव्या फेऱ्याला मध्ये फुगवटा दिसायला लागला. शेवटी मध्यावर कापडाचा डोंगर उभा राहिला आणि तो कुठेच मावेना. वर्गात बाईंनी मध्यापासून बाहेर जायला सांगितलं होतं ते याचसाठी: मशीनचा पाय वरचा थर पुढे ढकलतो, खालचा दाते ओढतात, आणि प्रत्येक फेऱ्याला थोडं कापड जास्तीचं होत जातं. ते बाहेर निघून जायला वाट हवी. हातानं शिवताना तसं होत नाही, कारण प्रत्येक टाक्याला दोरा कापड किंचित गोळा करतो. जास्तीचं कापड टाक्याटाक्यांत वाटलं जातं आणि गोधडीवर त्या बारीक लाटा उठतात. शिवाय मोठी माय गोधडीवर बसून शिवत असे. तिच्या अंगाच्या वजनानं थर जागचे हलत नसत. चौकट नको, पिना नकोत. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि दोन्हींमागे कारण आहे. पुण्याच्या बाईंच्या कारणाला पुस्तक आहे, मोठ्या मायच्या कारणाला नाही.

पुस्तक अगदीच नाही असं नाही. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर मोठं सचित्र पुस्तक केलं आहे. ते इंग्रजीत आहे आणि फ्रान्समधल्या क्विल्टच्या प्रकाशकानं काढलं. मी ते पुण्यात पाहिलं, २०२२ च्या डिसेंबरात, दोन दिवसांच्या वर्गाला गेले तेव्हा. जामनेरहून एसटीनं जळगाव, तिथून महाराष्ट्र एक्सप्रेस. वर्गात अकरा जणी होत्या, बहुतेकींकडे नवी मशीन आणि रंगांनुसार लावलेलं परदेशी कापड. मी सोबत मोठ्या मायची गोधडी नेली होती. ती पसरली तेव्हा सगळ्या जणी मशीन सोडून भोवती जमल्या. बाईंनी ती उलटी करून मागचे टाके पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाल्या, "हे मला येत नाही." त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या वाक्यानं वाढला.

त्याच वर्गात त्यांनी अमेरिकेतल्या जीज बेंडच्या क्विल्ट दाखवल्या. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात वसलेलं काळ्या लोकांचं एक गाव, एके काळच्या कापसाच्या मळ्यातल्या गुलामांच्या वंशजांचं. तिथल्या बायकांनी शेतात वापरून फाटलेल्या कपड्यांच्या क्विल्ट शिवल्या, थंडीपासून वाचायला. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, पुढे न्यूयॉर्कला गेलं, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकिटं काढली. गुडघ्यावर झिजलेल्या निळ्या विजारीचं कापड, त्यावर खिशाच्या जागी न विटलेला गडद चौकोन. त्या भागाला काळ्या मातीचा पट्टाच म्हणतात. मी परतीच्या गाडीत तेच डोक्यात घेऊन बसले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, म्हणून हिंदुस्थानातल्या कापसाला भाव आला आणि खानदेशच्या काळ्या मातीत कापसाचा पेरा वाढला. त्या गावचा आणि आमचा असा जुना संबंध आहे. तिथल्या क्विल्टला संग्रहालयाची भिंत मिळाली. आमच्या गोधड्या घटस्थापनेच्या आधी कांग नदीवर धुतल्या जायच्या आणि फाटल्या की बैलाच्या पाठीवर किंवा उंबऱ्यात पायपुसणं म्हणून जायच्या.

परत आल्यावर मी मोठ्या मायची गोधडी दुरुस्तीला घेतली. एका कडेचा गोट झिजून गेला होता आणि आतले थर दिसत होते. एक हातभर टाके उसवले. वरचं हिरवं लुगडं तिचं. त्याखाली सासऱ्यांचं धोतर. त्याखाली तुकडे: खाकी कापड, ते माझ्या यजमानांच्या शाळेच्या चड्डीचं, फुलांच्या चिटाचा परकर, तो नणंदेचा, जाड मांजरपाट, त्यावर गिरणीचा निळा शिक्का, अर्धाच उरलेला. सासूबाई एकेका तुकड्याला बोट लावून सांगत होत्या आणि मी पाटीवर लिहून घेत होते. त्याखालचा थर मी उलगडायला गेले तर तो उलगडेना. आत आणखी एक गोधडी होती. आख्खी, स्वतःच्या धावदोऱ्यासकट, इतकी झिजलेली की कापडाचा रंग मातीचा झाला होता. जुनी गोधडी विरली की ती नव्या गोधडीच्या पोटात भरण म्हणून जाते. मोठ्या मायनं आपल्या सासूची गोधडी आत घातली होती. तिच्या ओळींतलं अंतर मोजलं. तीन सूत.

ती आतली गोधडी मी उसवली नाही. थर पुन्हा जागेवर बसवले, हातानं धावदोरा घातला, मोठ्या मायच्या जुन्या भोकांतूनच सुई घालत गेले. कडेला उरेब पट्टीचा नवा गोट लावला. हातभर तुकड्याला तीन संध्याकाळी लागल्या आणि तरी माझे टाके ओळखू येतात.

गेल्या उन्हाळ्यापासून मी रविवारी सकाळी घरी वर्ग घेते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या दोन लेकींनी आग्रह धरला, त्यातून तो सुरू झाला. आता सहा जणी येतात. पाव इंच, कटर, इस्त्री, उरेब पट्टी एवढं मी शिकवते. हाताची गोधडी शिकवायला शेजारच्या गल्लीतल्या मावशी येतात. त्यांचं वय सत्तरच्या पुढे, आयुष्यभर लोकांच्या गोधड्या शिवून दिल्या. पुण्यात दोन दिवसांसाठी मी जी फी भरली, तेवढ्या पैशांत त्यांच्या मजुरीच्या चार गोधड्या होतात. पहिल्या रविवारी मी त्यांच्या हातावर पैसे ठेवले तर त्या मागे सरकल्या. "मले पैसे कायचे? मी काय मास्तरीन हाये?" मी म्हटलं, "आजपासून आहात. माझ्याइतकेच घ्यायचे." तीन रविवार त्या नाही म्हणत राहिल्या, चौथ्या रविवारी घेतले आणि कनवटीला लावले. त्यानंतर त्या वेळेच्या आधी येऊन बसतात आणि उशिरा येणाऱ्या पोरींना रागावतात. हाताच्या कामाला शिकवणीची फी मिळालीच पाहिजे, हे मी आता कुणाशीही भांडून सांगते.

शिकवताना आमच्या दोघींचं पटत नाही, तेही सांगते. मी म्हणते आधी आखून घ्या. त्या म्हणतात आखलं की बोट आळशी होतं. मी चौकोन बरोबर मोजून कापायला लावते. त्या म्हणतात आहे तो तुकडा आहे तेवढाच लाव, कापू नको, कापलेलं वाया जातं. पोरी दोन्ही ऐकतात. त्यातल्या एकीनं मागच्या महिन्यात मधला भाग मोजून-कापून मशीनवर जोडला आणि भोवतीचे फेरे हातानं घातले. जोड साडेसहाला साडेसहा आणि धावदोरा मावशींच्या पसंतीचा. मी आजवर शिवलेल्या कशाहूनही ते काम चांगलं आहे.

पुण्याच्या बाईंनी आठव्या शनिवारी शिकवलेली एक गोष्ट मात्र मावशींनाही पटली. क्विल्ट पुरी झाली की मागच्या बाजूला कापडाची छोटी चिठ्ठी शिवायची: कुणी शिवली, कुणासाठी, कोणत्या गावी, कोणत्या साली. मावशींनी शिवलेल्या शेकडो गोधड्या आज जामनेर, शेंदुर्णी, पहूर, नेरीच्या घरांत आहेत, एकीवरही त्यांचं नाव नाही. त्यांना लिहिता येत नाही. पोरींनी त्यांचं नाव पेन्सिलीनं लिहून दिलं आणि त्यांनी त्यावरून लाल दोऱ्यानं टाके घातले. आता प्रत्येक गोधडीला त्या स्वतः घालतात.

आमच्या घरात सहा जुन्या गोधड्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंना विचारून मी पाचांवर नावं घातली. सहावी मोठ्या मायची. तिच्यावर मोठ्या मायचं नाव घातलं, अंदाजे साल घातलं, आणि आतल्या गोधडीसाठी खाली एक ओळ मोकळी ठेवली. तिच्या सासूचं नाव सासूबाईंना सांगता आलं नाही. त्यांनीही तिला 'म्हातारी' म्हणूनच ऐकलं होतं. शेताच्या जुन्या उताऱ्यांवर पाहिलं, तिथे फक्त पुरुषांची नावं आहेत. थोरल्या चुलत घरात विचारलं, त्यांनाही ठाऊक नाही. ती ओळ अजून मोकळी आहे.

तुमच्या घरात गोधडी असेल आणि ती शिवणारी हयात असेल तर या आठवड्यात तिच्याजवळ बसा. कोणता तुकडा कुणाचा ते विचारून लिहून घ्या, आणि मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, पक्क्या रंगाच्या दोऱ्यानं तिचं नाव घाला.